जुन्या लष्करी ट्रकची सर्व्हिस मॅन्युअलं: कुठून मिळवता, कशी वापरता, आपल्या पावसात कशी टिकवता?

कातळकोर (राजापूर)

नमस्कार मंडळी. जुन्या गाड्यांच्या धाग्यांवर फोटो भरपूर पडतात, पण त्या गाड्यांच्या कागदांबद्दल कोणी लिहीत नाही. म्हणून हा वेगळा धागा.

माझ्याकडे निसान वन टन आहे. लष्कराच्या लिलावातून चिरेखाणीवर, खाणीवरून माझ्या खळ्यात. तिच्यापायी लष्करी ट्रकची सर्व्हिस मॅन्युअलं जमवायचा नाद लागला. हल्लीच कणकवलीकडचं एक जुनं गॅरेज कायमचं बंद झालं. मालकाच्या मुलाला जागा रिकामी करून हवी होती, तेव्हा पोटमाळ्यावरचा सगळा कागद रद्दीच्या भावाने उचलला. त्यात निघालं ते असं: निसानच्या सुट्या भागांचा कॅटलॉग (मुखपृष्ठ गायब), जीएमसीच्या अडीच टनी ट्रकचं अमेरिकन लष्कराचं टेक्निकल मॅन्युअल, म्हणजे टीएम ९-८०१, विलीज जीपचं टीएम ९-८०३, वायरिंगचे दोन भलेमोठे अमोनिया प्रिंट आणि कोण्या मिस्त्रीची दोनशे पानी वही.

माझं मत आधीच सांगून टाकतो: अशी गाडी घ्यायची असेल तर कागद आधी मिळवावा, गाडी नंतर. बहुतेक लोक उलट करतात आणि मग क्राऊन-पिनियन (चाकांकडे जोर वळवणारी दातेरी जोडी) उघडल्यावर पुस्तक शोधत बसतात. तुमचा अनुभव काय? आणि मुख्य म्हणजे हे सगळं वाळवी, कसर आणि चार महिन्यांच्या दमट हवेतून वाचवायचं कसं?

शंकासुर (गुहागर, सध्या डोंबिवली)

कागद आधी, गाडी नंतर! म्हणजे नवरीचा पत्ता नाही आणि हा पत्रिका घेऊन गावोगाव फिरतोय. :-)

खटखटो (मालवण)

पुस्तकां कसली जमवतास रे? माझो आजो चिऱ्याचो ट्रक चालवी. गाडी बंद पडली काय बोनेट उघडून कान लावी नि सांगी, 'तिसरो सिलिंडर मारणा नाय'. तेका एबीसीडीव येय नाय. तुमी आपले पानां परतीत बसा.

पिनियन (पुणे, गाव लांजे)

खटखटो, आजोबांना नमस्कार. मिसफायर कानाला कळतं, पण बेअरिंगखाली किती जाडीची शिम (पातळ पत्र्याची चकती) घालायची हे कानाला कळत नाही. तिथे पुस्तकच लागतं.

कातळकोर, तुमच्या जीएमसीच्या पुस्तकाबद्दल. तो ट्रक म्हणजे सीसीकेडब्ल्यू. पहिला सी म्हणजे १९४१ सालचं डिझाइन, दुसरा सी म्हणजे नेहमीच्या घडणीची केबिन, के म्हणजे पुढच्या चाकांना ड्राइव्ह आणि डब्ल्यू म्हणजे मागच्या दोन्ही धुऱ्यांना (अ‍ॅक्सलना) ड्राइव्ह. युद्धात असे साडेपाच लाखांवर ट्रक बनले. पण त्यांत धुरे दोन जातींचे. टिमकनचा 'स्प्लिट', म्हणजे मधोमध दोन अर्धुकं बोल्टांनी जोडलेली, आणि शेवरोलेचा 'बॅन्जो', म्हणजे घर अखंड आणि त्यातून डिफरन्शियलचा (क्राऊन-पिनियन ज्यात असतं तो) गोळा वेगळा काढता येतो. एकाचे आतले भाग दुसऱ्याला बसत नाहीत. नावावरून 'जीएमसीचं मॅन्युअल मिळालं' म्हणून नाचण्याआधी गाडीखाली आडवं पडून धुरा बघायचा, मग त्या धुऱ्याचं प्रकरण उघडायचं.

दुसरं, टीएम ९-८०१ आणि ९-८०३ ही चालक आणि तुकडीच्या पातळीवरच्या कामाची पुस्तकं. इंजिन पूर्ण उघडायचं असेल तर त्यात अर्धीच माहिती मिळते. जीपसाठी पुढची दोन वेगळी आहेत: इंजिन आणि क्लचला ९-१८०३ए, गिअरबॉक्स, धुरे, बॉडी, चासी यांना ९-१८०३बी. सुट्या भागांच्या याद्यांचा क्रम आणखी निराळा. जीपची जी-५०३, या जीएमसीची जी-५०८, डॉजच्या पाऊण टनी डब्ल्यूसीची जी-५०२. हे क्रमांक पाठ असले की परदेशातल्या विक्रेत्याशी निम्मा पत्रव्यवहार वाचतो.

घाटउतार (चिपळूण)

पिनियनला अनुमोदन, पण खटखटोचंही थोडं खरं आहे. आमच्याकडे एक मिस्त्री होते, सगळे त्यांना चाचा म्हणायचे. जीपचं क्राऊन-पिनियन बसवताना मी टीएम उघडून शेजारी बसलो होतो. चाचांनी डबीतून शेंदूर काढला, बशीत दोन थेंब ऑइल टाकून बोटाने कालवला आणि क्राऊनच्या पाच-सहा दातांना फासला. पिनियन हाताने पुढे-मागे फिरवलं, मग टॉर्च धरून दात दाखवला. शेंदूर पुसला गेला होता तो पट्टा दाताच्या टोकाकडे सरकलेला. चाचा म्हणाले, "अजून एक पत्रा घाल." पत्रा म्हणजे शिम. पुन्हा फासलं, पुन्हा फिरवलं. पट्टा दाताच्या मधोमध आला तेव्हा त्यांनी हात पुसले आणि चहा मागवला.

मी पुस्तकात बघितलं. दातावरच्या पट्ट्याची तीच चित्रं, टोकाकडे गेला तर काय करा, मुळाकडे गेला तर काय करा. ते पान चाचांना दाखवलं, तर चित्र नीट न्याहाळून म्हणाले, "काढणाऱ्याने काम केलेलं दिसतंय."

मात्र बॅकलॅश, म्हणजे दातांमधली मोकळीक, त्यांनी हाताच्या अंदाजाने ठेवला होता. तो मी डायल गेज लावून पुस्तकातल्या आकड्यावर आणायला लावला. त्यांना ते आवडलं नाही, पण केलं.

खटखटो (मालवण)

चाचा म्हणजे माझ्या आज्याचो भावच म्हणूचो. पण डायल गेजचा खरा हां, ता माका पटला.

ईएमईवाला (सावंतवाडी)

धागा वाचून हात शिवशिवले. आयुष्याची उमेदीची वर्षं याच कामात गेली, म्हणून चार गोष्टी.

आपल्या फौजेत गाडीची दुरुस्ती पातळीनुसार वाटलेली असते. चालकाने काय करायचं, युनिटने काय करायचं, वर्कशॉपने काय आणि बेस वर्कशॉपने काय. पुस्तकंही तशीच कापलेली असतात. ईएमईच्या (फौजेतल्या गाड्या-यंत्रं दुरुस्त करणाऱ्या दलाच्या) सूचना, ज्यांना ईएमईआर म्हणतात, त्या सुट्या पानांच्या फाइलमध्ये असतात. दुरुस्ती आली की जुनं पान काढून नवं घालायचं आणि पुढच्या तक्त्यात नोंद करून सही करायची. बाजारात अशी फाइल मिळाली तर आधी तो तक्ता बघा. तक्ता कोरा असेल तर ती फाइल कोणाच्या तरी कपाटात नुसती पडून होती असं समजा. अमेरिकन पुस्तकांनाही 'चेंज १', 'चेंज २' अशा पुरवण्या निघत. नुसतं मूळ पुस्तक घेऊन बोल्ट आवळायला बसू नका.

गाडीचं साल कसं ओळखायचं? लष्करी नंबर प्लेटवर वर तोंड केलेला बाण असतो, त्याच्यानंतरचे दोन आकडे खरेदीचं वर्ष सांगतात. लिलावानंतर ती प्लेट जाते, एमएच ०७ किंवा ०८ लागतं, पण जुना रंग हळू खरवडला तर कधीकधी दारावर किंवा बंपरवर खाली सापडते. डॅशवरची पितळी किंवा अ‍ॅल्युमिनियमची पाटी मात्र कोणाला काढू देऊ नका.

शेवटची गोष्ट जरा कडक. भारतीय लष्कराच्या पुस्तकावर 'रिस्ट्रिक्टेड' असा शिक्का असेल तर त्याची स्कॅन प्रत इथे चढवू नये, कोणाला पाठवूही नये. गाडी कितीही जुनी असो.

शंकासुर

काका, साठ वर्षांपूर्वीच्या ट्रकचा कार्बोरेटर कळून शत्रू करणार काय? आपला कार्बोरेटर साफ करून देणार?

ईएमईवाला

शत्रू काय करेल ते शत्रूला विचारा. शिक्का ज्याने मारला त्यानेच तो उतरवायचा असतो, एवढं साधं आहे.

पिनियन

काकांशी सहमत, आणि त्यातून वाटही निघते. आपल्या बऱ्याच लष्करी गाड्या परदेशी परवान्यावर बनल्या. शक्तिमान ट्रक म्हणजे जर्मनीच्या एमएएनचा ४१५, जबलपूरला १९५९ पासून बनायला लागला आणि १९९० च्या दशकात बंद झाला. जोंगा ही लष्करी जीप म्हणजे निसान पॅट्रोल ६० मालिका, कातळकोरांचा वन टन म्हणजे निसान कॅरियर. दोघांतही सहा सिलिंडरचं ३९५६ सीसीचं 'पी' इंजिन. निसानची त्या इंजिनाची नागरी मॅन्युअलं जगभर विकली गेली आहेत, ऑस्ट्रेलियात तर पॅट्रोल उजव्या स्टिअरिंगचीच होती. त्यांतलं इंजिनाचं प्रकरण तुम्हाला नव्वद टक्के कामाला येईल. लष्करी बदल, म्हणजे वायरिंग, दिवे, हूक, बॉडी, हे मात्र गाडी बघूनच.

कायद्याचं म्हणाल तर अमेरिकन सरकारने काढलेल्या टीएमवर तिथे कॉपीराइटच नसतो, म्हणून ती जालावर उघड आणि फुकट आहेत. आपल्याकडे सरकारी प्रकाशनावर प्रकाशनानंतर ६० वर्षं हक्क असतो. आणि ६० वर्षं झाली म्हणून शिक्का आपोआप उडत नाही, या दोन गोष्टी वेगळ्या आहेत.

आंब्याचा मोहोर (देवगड)

अवांतर: लहानपणी ऐकलं होतं की आपल्या पहिल्या एसट्या म्हणजे युद्धातले मिलिटरी ट्रकच होते, वर लाकडी खोका बसवलेला. खरं का?

घाटउतार

एसटीची पहिली गाडी १ जून १९४८ ला पुणे-अहमदनगर धावली, ती बेडफर्ड होती. लाकडी बॉडी, काथ्याच्या गाद्या, हे बरोबर. मिलिटरीचा माल नव्हे. पण युद्धानंतर डिस्पोजलमधले ट्रक खाजगी मालवाहतुकीत आणि जंगलतोडीत भरपूर आले, कदाचित त्यातून ही गोष्ट निघाली असावी.

ग्रंथपाल ताई (दापोली)

गाड्यांतलं मला काही कळत नाही, यजमानांनी धागा वाचायला दिला. पण कागदाचं सांगते.

कातळकोर, सर्वांत आधी अमोनिया प्रिंट. ते प्रकाशात उडतात. भिंतीवर फ्रेम करून लावलेत तर दोन-तीन पावसाळ्यांत निळ्या रेघा शोधाव्या लागतील. आजच पूर्ण सावलीत, उजेड एकसारखा पडेल असे फोटो काढा आणि प्रिंट गुंडाळून अंधारात, इतर कागदांपासून वेगळे ठेवा. त्यातून निघणारे वायू शेजारच्या कागदाला डाग पाडतात.

लॅमिनेशन करू नका. लोक हौसेने करतात, पण ते उलटवता येत नाही आणि आत ओल राहिली तर बुरशी आत सुखाने नांदते. पत्र्याची ट्रंक चालेल, पण जमिनीवर नको, चार चिऱ्यांवर ठेवा, भिंतीपासून वीतभर लांब. सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि अधूनमधून कोरड्या करून घ्या. वेखंडाच्या पुरचुंड्या आमच्या आजी ठेवायच्या, कसरीला त्याचा वास आवडत नाही हे खरं, पण वाळवीला ते पुरत नाही. वाळवी आली तर ती भिंतीतून येते, तिथेच इलाज हवा. पावसाळ्यात ट्रंक उघडून 'हवा देणं' टाळा. उघडायची ती दिवाळीनंतर.

आणि आता पुराचं. २२ जुलै २०२१ ला चिपळुणात काय झालं ते सांगायला नको. भिजलेली पुस्तकं लोकांनी उन्हात पसरली आणि दोन दिवसांत बुरशीने काळी झाली. ओल्या कागदाला पहिले दोन दिवस महत्त्वाचे. सगळं एकदम वाळवणं जमणार नसेल तर पुस्तकं प्लॅस्टिकच्या पिशव्यांत घालून सरळ डीप फ्रीजरमध्ये ठेवायची. गोठलेल्या कागदावर बुरशी वाढत नाही. मग सवडीने एक-एक बाहेर काढून, पानांत कोरा शोषक कागद घालून, पंख्याखाली वाळवायचं. छापील वर्तमानपत्र घालू नका, शाई उतरते. गुळगुळीत चकचकीत पानं मात्र ओली असतानाच सुटी करा. एकमेकांना चिकटून वाळली की संपलं.

घाटउतार

ताई, माझी जीपची दोन पुस्तकं त्या पुरातून याच उपायाने वाचली. दाभोळला मेहुण्याच्या मासळीच्या फ्रीजरमध्ये होती. कागद उत्तम राहिला. सुरमईचा वास अजून येतो.

शंकासुर

म्हणजे तुझ्या जीपचं मॅन्युअल उघडलं की मांजर येतं!

खटखटो

तां पुस्तक माका दी. मी कढी करून परत दितंय.

कातळकोर

ताई, मनापासून आभार. प्रिंटचे फोटो काढले, गुंडाळून फडताळात ठेवले.

आता त्या वहीबद्दल विचारतो. मिस्त्रीने बोल्ट कोणता ते मराठीत लिहिलंय आणि पुढे दोन आकडे. एका ओळीत '८ - ५८', दुसरीत '१० - ७२', एका जागी '४ - २९'. एकक कुठेच नाही. दात मोजलेत, की पाना किती नंबरचा, काही कळेना.

पिनियन

८ ला ७.२३ ने गुणा. ५७.८. १० ला गुणा, ७२.३. ४ ला, २८.९. जपानी पुस्तकात टॉर्क, म्हणजे बोल्ट किती जोराने आवळायचा ते, किलोग्रॅम-मीटरमध्ये असतो, त्यांच्याकडचा टॉर्क पाना फूट-पौंडाचा असणार. त्यांनी प्रत्येक ओळ बदलून घेतली आहे, आणि अचूक. तुमच्या हल्लीच्या पान्यावर न्यूटन-मीटर असेल तर पहिल्या आकड्याला ९.८ ने गुणा.

ही वही त्या सगळ्या ढिगात सर्वांत मोलाची आहे. छापील टीएम जगात कुठेही मिळेल. ही एकच प्रत. आधी ही स्कॅन करा, ३०० डीपीआयला, रंगीत, आणि समास न कापता. फोनची अ‍ॅपं कडा आपोआप कापतात आणि ग्रीसचे डाग 'साफ' करतात, ते बंद ठेवा. समासात लिहिलेलं असतं तेच पुस्तकात नसतं.

ईएमईवाला

बरोबर. आणि ग्रीसचे डाग पुसायला जाऊ नका. ज्या पानावर सगळ्यात जास्त बोटं उमटली आहेत ते काम त्या गाडीवर सगळ्यात जास्त वेळा निघतं. आधी त्याचे सुटे भाग घेऊन ठेवा.

आंब्याचा मोहोर

जुन्या पुस्तकात 'जीओ ९०' ऑइल लिहिलंय. दुकानदार जीएल-५ (गिअर ऑइलचा दर्जा) देतो, म्हणतो हे जास्त भारी. टाकू का? जीप आहे.

पिनियन

डिफरन्शियलमध्ये टाका. गिअरबॉक्समध्ये नको, तिथे जीएल-४ मागा. जीएल-५ मधली काही रसायनं पितळी-काशाच्या भागांना खातात आणि तुमच्या सिन्क्रोच्या (गिअर सहज पडावा म्हणून असलेल्या) रिंगा पितळी आहेत. १९४४ सालच्या पुस्तकात हा फरक नसणारच, तेव्हा हे ऑइल नव्हतं. पुस्तकातला टॉर्क तसाच पाळायचा, पण ऑइल-ग्रीसचं प्रकरण आजच्या मालाशी जुळवून घ्यायचं.

घाटउतार

इथे थोडा मतभेद. काही जीएल-५ ऑइलांच्या डब्यावर पितळेला सुरक्षित असं लिहिलेलं असतं, मी ते बरीच वर्षं गिअरबॉक्समध्ये वापरतोय, त्रास नाही.

पिनियन

त्रास दिसायला वेळ लागतो. तुमचा गिअरबॉक्स, तुमची मर्जी. :-)

सागवेलकर (रत्नागिरी)

ही पुस्तकं व्हिंटेज नोंदणीला कामाला येतात का? २०२१ च्या नियमात ५० वर्षांवरची गाडी मूळ स्वरूपात हवी असं आहे ना?

घाटउतार

हो, ५० वर्षांवरची, बिगर-व्यापारी, आणि चासी, बॉडी, इंजिनात मोठा फेरफार नको. नवी नोंदणी २०,००० रुपये, दहा वर्षांसाठी, नंबरात 'व्हीए' अक्षरं. तपासणी राज्याची समिती करते. तिथे सुट्या भागांच्या कॅटलॉगमधली चित्रं दाखवून 'हे मूळचंच आहे' म्हणता येतं. पण नियमात दुचाकी आणि चारचाकी असे शब्द आहेत, त्यामुळे जीप, जोंगा ठीक. कोणी दहा टायरची जीएमसी घेऊन जाणार असेल तर आधी तोंडी विचारून घ्यावं. आणि रोजच्या वापराला किंवा भाड्याला ती गाडी काढता येत नाही, चिरे वाहणाऱ्यांनी लक्षात ठेवा.

खटखटो

म्हणजे गाडी ठेवची, पुस्तक ठेवचा, नि चिरे डोक्यार वाहूचे.

कातळकोर

'कागद आधी' हे माझं मत अजून तसंच आहे, फक्त क्रम थोडा बदलतो: आधी गाडीची पाटी आणि धुरा बघायचा, मग त्याच गाडीचा कागद शोधायचा, आणि पैसे त्यानंतर मोजायचे.

टीएम ९-८०१ मला लागणार नाही, माझ्याकडे जीएमसी नाही. ज्याच्याकडे खरोखर गाडी उभी आहे त्याला पोस्टाच्या खर्चात देईन. धुऱ्याचा फोटो पाठवा, स्प्लिट की बॅन्जो ते दिसलं पाहिजे. नुसतं 'मला हवंय' म्हणणाऱ्यांना जालावरची फुकट प्रत पुरेशी आहे. वहीचं स्कॅनिंग गणपतीनंतर घेतो, तोवर पानं कोरडी असतील तर.

सागवेलकर

आमच्या आगरात एक सांगाडा आहे, झाडं वर आली आहेत, पण धुरा शाबूत आहे. मधोमध बोल्टांची रांग दिसते. रविवारी कोयता घेऊन जातो आणि फोटो टाकतो.

पिनियन

बोल्टांची रांग म्हणजे स्प्लिट असण्याची शक्यता जास्त. डॅशवरची पाटीही बघा, असेल तर. आणि फुरशापासून जपून.